आधी यशोदाला

३ मार्च

आज सोलापुरात आले. आल्या आल्या माझं हसं झालं, तरी मी खुशीत आहे.

शुक्रवार पेठेतली खोली फोटोत दिसली होती त्याहून मोठी निघाली. वरचा मजला, पुढे हातभर गच्ची, खाली शिंप्याचं दुकान. घरमालकीण बजाबाई. त्यांनी सामान आत ठेवायच्या आधी चहा दिला आणि कडक भाकरीचा डबा बघून विचारलं, आईला वाटलं की काय सोलापुरात उपास घडतील. मग काम काय ते विचारलं. मी सांगितलं, 'सोबतीण' म्हणून एक सेवा आहे. गरोदर बायकांना आणि बाळंतिणींना दर आठवड्याला मोबाईलवर निरोप जातो. या आठवड्यात काय खावं, काय दुखलं तर दवाखाना गाठावा, बाळाला कसं धरावं. ते निरोप माझ्या आवाजात जाणार.

बजाबाईंनी विचारलं, लग्न झालंय का. नाही म्हटल्यावर त्या इतक्या हसल्या की चहा सांडला. "सात पोरं काढली मी, आन् ही पोरगी मला फोनवरनं शिकवणार! व्हय गं, कळा कशा येत्यात ते बी सांगणार का?" मी म्हटलं, सांगणार, डॉक्टरांनी लिहून दिलंय. त्यावर परत हसू.

मीही हसले. पण रात्रीसाठी पाणी भरताना मनात तेच आलं, की मला खरंच काय माहीत आहे? मग माझे वडील, आप्पा, आठवले. मी शाळेत उशिरा गेले. पहिली अक्षरं आईने ताटातल्या तांदळावर बोट धरून गिरवून घेतली आणि बाकीचं आप्पांनी देवळातून आल्यावर शिकवलं. त्यांचा नियम एकच होता. कुणी काही विचारलं तर उत्तर द्यायचं. येत नसेल तर येत नाही म्हणायचं, पण विचारणाऱ्याला ताटकळत ठेवायचं नाही. तेवढं मला जमेल.

५ मार्च

ऑफिस चालत दहा मिनिटांवर. तीन खोल्या. त्यातल्या आतल्या खोलीत आवाज घुमू नये म्हणून चारी भिंतींना सोलापुरी चादरी टांगल्या आहेत, लाल, हिरव्या, जांभळ्या. मधे खुर्ची आणि माईक. लहानपणी चादरींचं घर करून आत बसायचो तसं वाटतं. उकडतं मात्र फार, कारण पंखा लावला तर त्याचा आवाज निरोपात जातो.

आमचे साहेब अनिलकुमार सर. भला माणूस, सतत घाईत. त्यांनी काम समजावलं. बाईला फोन जातो. आधी तिचं नाव, मग निरोप. शेवटी प्रश्न: बरं असेल तर एक दाबा, त्रास असेल तर दोन. काही सांगायचं असेल तर तीन दाबून बोला. एक आलं की आमच्या पडद्यावर त्या नंबरापुढे हिरवं दिसतं, दोन आलं की लाल. लाल आलं की मी उलट फोन करायचा आणि गावातल्या आशाताईला कळवायचं.

नावंही मलाच बोलायची आहेत, एकेक करून. कॉम्प्युटर ती निरोपाला जोडतो. आज दिवसभर मी नुसती हाका मारत होते. गंगाताई, नमस्कार. संस्कृतीताई, नमस्कार. यशोदाताई, नमस्कार. प्रत्येक नाव नीट, खरंच समोर कुणी असल्यासारखं घ्यायचं असं मी ठरवलं. सर म्हणाले, इतकं मन लावलं तर पावसाळा येईल.

१० मार्च

माझ्या आवाजातले पहिले निरोप गेले. लाल आलेल्यांना मी फोन केले. एकीला उलट्या, एकीच्या अंगावरून पाणी जातंय. तिला आशाताईने दुपारच्या आत दवाखान्यात पोचवलं. ती बरी आहे. मी बाथरूममध्ये जाऊन थोडी रडले. तिसरीने त्रास नाही, तुमचा आवाज आवडला म्हणून दोन दाबलं होतं. तिला मी रागावले नाही, पण रागवायला हवं होतं बहुतेक.

एक बारीकशी गोष्ट. मंद्रूपच्या पुढच्या एका वस्तीवरचा नंबर आहे, यशोदा नावाने. तिथून 'एक' आलं ते प्रश्न विचारायच्या आधीच. निरोप अजून चालू होता आणि हिरवं लागलं. सरांना दाखवलं. ते म्हणाले, लाईन खराब असेल. असेलही. मी आपली उगाच प्रत्येक गोष्टीत कुसळ शोधते.

१७ मार्च

यशोदाच्या नंबरावरून आज कुणीतरी तीन दाबून बोललं. मी कानाला हेडफोन लावून ऐकलं. आधी बराच वेळ काहीच नाही, मग खोल रांजणातून यावा तसा बाईचा आवाज. तृप्त, हळू. "ऐकलं. हलतंय. सांगा पुढचं."

मला आनंदच झाला, कोणी इतकं मनापासून ऐकतंय म्हणून. तिकडच्या आशाताई गौरम्मा, त्यांना फोन करून कळवलं की तुमची यशोदा छान आहे, बाळ हलतंय म्हणाली.

गौरम्मा म्हणाल्या, "कोन म्हनाली? यशोदा जाऊन दोन वर्सं झाली की ताई. आता पायल हाय त्या घरात, दुसरेपणाची. आन् तिचं बाळ आटवड्यापासनं कमी हलतंय म्हनून मीच काळजीत हाय."

२४ मार्च

मी स्वतः जाऊन आले. सरांना सांगितलं, नावाची दुरुस्ती करायची आहे. एसटीने मंद्रूप, तिथून गौरम्मांच्या स्कूटरवर वस्ती. ज्वारी निघून गेलेली, रानात नुसत्या कडब्याच्या गंजी. घर चांगलं, पत्र्याचं पण शेणाने सारवलेलं, स्वच्छ. सासू चंद्रव्वा. उंच, शांत बाई. मी वाईट बाई बघायला गेले होते, तर तिने मला गार ताक दिलं आणि माझ्या पायांच्या भेगा बघून तेल दिलं. मुलगा शिवपुत्र पुण्याकडे ट्रकवर असतो. घरात या दोघीच.

पायल माझ्याहून लहान आहे. आठवा लागेल आता. चेहरा सुजलेला, पावलं अशी की चपला बसत नाहीत म्हणून अनवाणी. आणि गळ्यात काळ्या दोऱ्यात चांदीचा टाक, त्यावर उठवलेली बाईची आकृती. मी टक लावून बघत राहिले तेव्हा चंद्रव्वाने समजावलं. पहिली गेली की दुसरीने तिचा टाक गळ्यात घालायचा. नवं लुगडं आलं की आधी टाकाला लावायचं, मग नेसायचं. घास आधी तिला दाखवायचा. आधी तिचा मान, मग हिचा. हे मलाही ठाऊक आहे, आमच्या गल्लीतही एक काकू घालायच्या. पण पुढचं ठाऊक नव्हतं.

पुढचं असं. यशोदा सातव्यात बाळंतपणाला माहेरी गेली, रीतीप्रमाणे. नंबर मात्र सासरच्या फोनचा होता. म्हणजे तिचे निरोप इथेच येत राहिले आणि ती तिथे. 'पाय सुजले, डोकं दुखलं, डोळ्यापुढे अंधारी आली तर थांबू नका', हे चंद्रव्वाने इथे चुलीपुढे बसून ऐकलं, माहेरी कुणाला ठाऊकच नव्हतं. यशोदा गेली, पोटातलं गेलं. चंद्रव्वा म्हणाली, "लेकीसारकी हुती. तिचं ऐकायचं ऱ्हायलं बगा. म्हनून आता मेसेज आला की आदी तिला ऐकिवते." आणि याच भीतीने पायलला माहेरी पाठवलेलं नाही.

आणि ऐकवते म्हणजे खरंच ऐकवते. फोन वाजला की तो पायलच्या छातीवरच्या टाकाला लावून धरायचा. पायलच्या कानाला तो येईपर्यंत निरोप संपलेला असतो. मी विचारलं तेव्हा ती हसून म्हणाली, "मला नुसतं 'काळजी घ्या' तेवडंच ऐकू येतंय, ताई. घेते की मग. कशाची ते म्हाईत न्हाय."

आम्ही बसलेल्याच होतो आणि फोन वाजला. निरोपाचा वारच होता. चंद्रव्वाने तो टाकाला लावला. माझाच आवाज बारीक होऊन आला: यशोदाताई, नमस्कार. पायल काठीसारखी ताठ झाली. माझा निरोप अर्ध्यावर होता आणि फोनवरचं बटण खाली गेलं. एकाचं. चंद्रव्वाची बोटं फोनच्या कडेला होती, पायलचे हात मांडीवर, गौरम्मा आणि मी समोर. बटण दाबून वर आलं. फोन काढला तेव्हा टाकाच्या चांदीवर वाफ धरली होती, थंडीत आरशासमोर तोंड नेल्यावर धरते तशी. बाहेर ऊन नुसतं पेटलं होतं.

मी पायलला सगळी लक्षणं तोंडाने सांगितली, दोनदा. तिच्याकडून परत म्हणवून घेतली. गौरम्मांनी रक्तदाब पाहिला, जास्त होता. दवाखान्यात चला म्हटलं. चंद्रव्वाने मान हलवली. चिडली नाही, समजूत घातल्यासारखी म्हणाली की यशोदा तर 'बरं हाय' म्हणते. "त्यातनंच गेलीय ती. तिला कळनार न्हाय व्हय?"

परत येताना गौरम्मांनी स्कूटर एकदाही थांबवली नाही. मंद्रूपला चहा पिताना म्हणाल्या, "बटन मी बी बगितलंय, आज बी आन् आदी बी. तुमी सांगाल म्हनून गप ऱ्हायले."

२ एप्रिल

आठवडाभर डोकं चालवलं. सरांना सगळं सांगितलं, बटणाचंसुद्धा. त्यांनी ऐकून घेतलं, मग म्हणाले की उन्हाचं फिरू नको. त्या नंबरापुढे सगळं हिरवं आहे. घरच्यांनी नाव तेच ठेवायला सांगितलंय. घरच्यांच्या परवानगीशिवाय नाव बदलता येत नाही.

माझ्या मते नाव बदलायची परवानगी जिचं नाव आहे तिची लागते. पायलला विचारलं. गौरम्मांच्या फोनवरून ती म्हणाली, बदला.

आज सगळे जेवायला गेल्यावर मी चादरीच्या खोलीत बसले. न विचारता मी आजवर कुणाची टाचणीसुद्धा घेतलेली नाही. माईक लावला आणि बोलले: पायल, नमस्कार. हा निरोप फक्त तुझ्यासाठी आहे. फोन तुझ्याच कानाला लाव. मग यशोदाचं नाव त्या नंबरावरून काढलं आणि पायलचं जोडलं.

खोलीतून निघताना मागच्या हिरव्या चादरीला कुणीतरी आतून टेकल्यासारखा फुगवटा आला. मागे भिंत आहे. मी चादर उचलून बघितली. भिंतच होती, ओली.

७ एप्रिल

सकाळपासून फोन थांबेनात. लाल, लाल, लाल. मला वाटलं कुठे साथ आली. पहिल्या बाईने विचारलं, "अवो ताई, मला यशोदा कशाला म्हनता?" दुसरीनेही तेच. अक्कलकोटकडची एक कानडीत भांडली. मंगळवेढ्याची एक तर कडाडली, "कोन यशोदा? ह्यांनी कुनाचा नंबर दिलाय तुमाला? थांबा, हितंच हायत, इचारते!" मागून नवऱ्याचा गयावया करणारा आवाज. एरवी मी आठवडाभर हसले असते.

सगळ्या निरोपांच्या सुरुवातीला माझ्या आवाजात एकच नाव लागलं आहे. यशोदाताई, नमस्कार. सर म्हणाले तू काहीतरी बिघडवलंस. मी एकेक फाईल उघडून ऐकली. गंगा ऐकायला गेले, यशोदा. संस्कृती ऐकायला गेले, यशोदा. हे नाव मी एकदाच बोलले होते, तेही साध्या सुरात. हे वेगवेगळ्या सुरांत आहे. काही ठिकाणी मी रडवेली आहे. एका ठिकाणी मी हसते आहे.

मी अशी हसत नाही.

८ एप्रिल

सरांनी फर्मान काढलं, त्या नंबरावर यशोदाचं नाव परत लाव, बाकीचं आपोआप ठीक होतंय का बघू. मी नाही म्हटलं. त्यांना आणि मला दोघांनाही धक्का बसला. आयुष्यात पहिल्यांदा वरच्या माणसाला नाही म्हटलं, आणि आवाज कापला नाही. म्हणाले, मग नोकरीचा विचार कर. मी म्हटलं, केला.

त्यांनी स्वतःच लावलं. तासाभरात सगळ्यांची नावं जागेवर आली. ते माझ्याकडे विजयी मुद्रेने बघायला गेले, पण मुद्रा जमली नाही. त्यांचाही चेहरा उतरला होता.

म्हणजे तिला हवं ते मिळालं की ती गप्प बसते. हे कळलं ते बरं झालं.

९ एप्रिल

भर दुपारी, टेबलावर, माझ्या स्वतःच्या मोबाईलवर फोन. वस्तीवरचा नंबर. मला वाटलं पायल.

"माझं ऱ्हायलेलं दे."

मी फोन ठेवला नाही. विचारणाऱ्याला ताटकळत ठेवायचं नाही. मी म्हटलं, यशोदाताई, तुमचे निरोप तुमच्यापर्यंत पोचले नाहीत. चूक झाली. माहेरी गेलेल्या बाईचा फोन सासरी वाजतो हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. ते निरोप तुमचे आहेत, तुम्हाला देते. पण पायलचे पायलला जातील. त्यात वाटणी नाही.

चादरीच्या खोलीत गेले आणि सातव्या महिन्यापासूनचा एकेक निरोप वाचला. तिचं नाव घेऊन, नीट. फोन माईकशेजारी ठेवला होता. प्रत्येक निरोपानंतर ती म्हणायची, पुढचं. खोली गार पडत गेली. माझे शब्द तोंडातून वाफ होऊन निघत होते, एप्रिलात. भीती वाटत होती, पण कीवही येत होती. इतकं लक्ष देऊन माझं कुणीच ऐकलं नव्हतं.

शेवटून दुसरा झाला. राहिला तो जन्मानंतरचा. बाळ जन्मल्याबरोबर आईच्या उघड्या छातीशी धरा, पहिलं दूध पाजा. तो वाचायला तोंड उघडलं आणि मिटलं.

तिचं बाळ नाही. मग हा निरोप ऐकून ती कुणाचं बाळ छातीशी धरणार?

"पुढचं."

मी म्हटलं, नाही.

"पुढचं."

चादरी हलल्या. चारी. मी कागद फाडला, फोन बंद केला, आणि चालत, धावत नाही, चालत बाहेर आले.

१० एप्रिल

बंद फोन वाजतो. उचलत नाही. एकच शब्द आहे, ठाऊक आहे.

बजाबाईंनी विचारलं, तुझ्या खोलीत पाणी सांडलं का गं, खाली छत गळतंय. खोली कोरडी आहे. फक्त माझी गादी —

त्यांनी वर येऊन गादीला हात लावून बघितला. त्यांच्या खोलीत अंथरूण घातलं. म्हणाल्या, "सात बाळंतपणात मी पन लई कायकाय बगितलंय. कोन बी असू दे, आंगावर जायचं. माघार घेनाऱ्याच्या मागं लागत्यात ती."

११ एप्रिल, सकाळ

गौरम्मांचा फोन ऑफिसात आला. पायलचं डोकं फुटायला आलंय, डोळ्यापुढे काजवे, फोटोतल्यासारखी थिजून बसलीय. चंद्रव्वा दार सोडत नाही. पडद्यावर बघितलं. हिरवं. आज निरोपाचा वार नाही, निरोप गेलाच नाही, तरी हिरवं. मी बघत असताना परत हिरवं. परत.

सर म्हणाले, आपण निरोप देणारे आहोत, उचलून नेणारे नाही.

मी म्हटलं, आज आहोत. १०८ ला वस्तीचा रस्ता सांगितला आणि रिक्षा करून निघाले.

दुपार, १०८ च्या गाडीत

गाडी हादरते आहे, अक्षर वाईट येईल.

चंद्रव्वा उंबऱ्यात उभी होती. म्हणाली, बिनलग्नाची पोर तू, तुला काय कळतंय. मी म्हटलं, काही कळत नाही, म्हणूनच ज्यांना कळतं त्यांच्याकडे नेते आहे. ती म्हणाली यशोदाला इचारल्याबिगर न्हाय. फोन वाजला. कुणी उचलला नाही तरी माझा आवाज सुरू झाला, त्या घाणेरड्या हसण्यासकट — बरं आहे, बरं आहे, सगळं बरं आहे —

मी माझ्याच आवाजावर ओरडले. खोटं आहे म्हणून.

आणि पायल उठली. भिंत धरून. तिला नीट दिसत नव्हतं, चाचपत गळ्यातला दोरा धरला आणि डोक्यातून काढला. सासूच्या हातात टाक ठेवला. म्हणाली, "आत्याबाई, समदं आदी तिला दिलं. लुगडं दिलं, घास दिला. जीव न्हाय देनार. त्यो आदी मला."

चंद्रव्वा बाजूला झाली. रडत होती. तीही गाडीत आहे, टाक मुठीत धरून. मुठीतून पाणी गळतंय.

पायलला झटका आला — एक. गाडीतल्या ताईने सुई दिली. गौरम्मा तिचे पाय धरून —

आलं सोलापूर.

दुपारच, दवाखाना

आत घेतलं. पोट उघडावं लागेल म्हणाले. अंगठा शिवपुत्रच्या वतीने चंद्रव्वाने दिला. लगेच दिला. टाक धरलेल्या हाताचा.

बाकावर बसले आहे. कॉरिडॉर भरलेला, ऊन, पंखे, डबे, पोरं. तरी माझ्या बाकावर कुणी बसत नाही. जागा आहे. लोक येतात, बघतात, उभे राहतात.

जागा ओली आहे.

नंतर

मुलगी. रडली. मी ऐकलं, दाराबाहेरून. छान खणखणीत.

पायल आहे. आहे. अजून टाके घालतायत. सिस्टर बाळ दुपट्यात गुंडाळून बाहेर घेऊन आल्या, विचारलं कोण धरतंय, आईला वेळ आहे. चंद्रव्वा पुढे झाली, टाक पुढे धरून. म्हणाली, आधी यशोदाच्या ओटीत घालू दे, क्षणभर, मान असतो. मग तिनेच टाकाकडे बघितलं. आकृती नव्हती त्यावर. चांदी सपाट.

ती मागे सरली. मी बाळ घेतलं.

गौरम्मा शिवपुत्रला फोन करायला गेल्या. चंद्रव्वा भिंतीला टेकून बसलीय, पदर तोंडावर. मी एका हाताने लिहिते आहे. लिहीत राहिलं की मान वर करावी लागत नाही. शेजारी कोण बसलं ते बघावं लागत नाही.

सुजलेली पावलं दिसतात. अनवाणी. खाली पाणी.

"पुढचं."

बाळ गार पडतंय — दुपट्याच्या त्या बाजूने —

नाही. ऐका यशोदाताई. तुमचं फार वाईट झालं. मी जन्मभर सांगेन सगळ्यांना. प्रत्येक बाईला विचारीन, फोन कुणाचा, तू कुठे, तुझ्या कानाला कोण लावतं. हे माझं वचन. पण ही नाही.

"पुढचं."

म्हणते. मला पाठ आहे. म्हणते, पण तुमच्यासाठी नाही. उठले आहे. दाराकडे तोंड करून, सगळा दवाखाना वळून बघेल इतक्या मोठ्याने म्हणणार आहे, जिचा निरोप तिच्या नावाने. सिस्टर अडवतील. अडवू देत. पायल, नमस्कार. पायल, तुझं बाळ —

ती माझा पदर ओढते आहे. गार बोटं, मनगटावर —

ओढा. सोडणार नाही मी. दार उघडलं — पायल, ही तुझी, आधी तुझ्या छातीशी, आधी तू, पाय